सुटले म्हणू नकोस

बाहिर दार, इथियोपिया, १७ जून २०१८

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

इथली नोकरी संपवून घरी परत येतेय असं सांगितलं तेव्हा परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, सुटलीस गं एकदाची!" मी हो म्हणाले आणि बाबांच्या बीपीच्या गोळ्यांचं विचारलं. पण ते वाक्य दोन दिवस मनातून जात नाहीये. फोनवर काही सांगायला गेले तर मला रडू येईल आणि तू घाबरशील, म्हणून लिहितेय.

मी सप्टेंबर २००९ मध्ये इथे गणित शिकवायला आले ती पैशासाठीच. घराचं कर्ज होतं, तुझं शिक्षण पुढे होतं. दोन वर्षांत परत येते असं आजीला सांगून निघाले होते. मग करार वाढत गेला आणि दर वेळी मी घरी एकच कारण दिलं, पगाराचं. पहिल्या दोन वर्षांपुरतं ते खरं होतं. पुढे मला इथे शिकवायला आवडायला लागलं, अगदी मनापासून. ते मी तुला कधी सांगितलं नाही. तू दहावीत होतीस. आई लांब आहे आणि तरी आनंदात आहे, हे त्या वयात तुला कसं सांगणार होते?

आले तेव्हा इथलं २००२ साल नुकतंच लागलं होतं. त्यांचं कॅलेंडर आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे असतं आणि वर्ष ११ सप्टेंबरला सुरू होतं. रस्त्याकडेला सगळीकडे पिवळी फुलं होती, अदे अबेबा म्हणतात त्यांना. पहिल्या चाचणीची वेळ मी फळ्यावर '८' अशी लिहिली आणि सकाळी आठला रिकाम्या वर्गात जाऊन बसले. मुलं आली दुपारी दोनला, एकूण एक. इथे तास सूर्योदयापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे एक वाजला. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "बरोबरच आहे की, पंचांगात दिवस उजाडल्यावरच सुरू होतो."

अशा ओळखीच्या खुणा सापडत गेल्या. त्यांची लिपी आपल्या बाराखडीसारखीच, फक्त प्रत्येक अक्षराची सात रूपं. बुधवारी आणि शुक्रवारी ऑर्थोडॉक्स लोकांचा उपास, त्या दिवशी मांस नाही, दूधसुद्धा नाही; त्यामुळे माझं बाहेर जेवायचं हाल झालं नाही. शिरो म्हणून एक कालवण असतं, हरभऱ्याच्या पिठाचं, तिखटजाळ. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा पिठलंच आठवलं आणि घास घशाखाली उतरेना.

पण खरं सांगायचंय ते एका शब्दाबद्दल. अयझोश. मुलीला अयझोश, मुलाला अयझोह. कुणी ठेचकाळलं, कुणी नापास झालं, कुणाच्या घरी कुणी गेलं, की हे म्हणतात. धीर धर, मी आहे, असं काहीसं. आपण 'काळजी करू नकोस' म्हणतो, पण त्यात काळजी उरतेच. माझ्या दुसऱ्या वर्षी एक मुलगी शेवटच्या बाकावर बसायची. शेतकऱ्याची पोर, घरापासून दोन दिवसांच्या बसप्रवासावर आलेली. कॅल्क्युलसच्या पेपरात कोरी पानं देऊन रडत बसली. मी तिला जवळ घेऊन तो शब्द म्हणाले. पुढची सहा महिने ती रोज संध्याकाळी माझ्याकडे गणितं सोडवायला यायची. आज ती शाळेत शिकवते.

मनू, ज्या महिन्यात ती माझ्याकडे यायला लागली त्याच महिन्यात तुझी पाळी सुरू झाली. मला आजीने चार दिवसांनी सांगितलं. तुला जवळ घेऊन म्हणायचं ते मी दुसऱ्याच्या मुलीला म्हणत होते. हे मला अजून टोचतं. आणि त्या मुलीसाठी मी इथे होते याचा आनंदही तेवढाच आहे. या दोन्हींचा हिशेब मला घालता आलेला नाही. तू मला त्याबद्दल रागावलीस तर मी ऐकून घेईन. तू कधी रागावली नाहीस, त्याचीच मला जास्त भीती वाटते.

२०१६ ला इथे आणीबाणी लागली, इंटरनेट बंद झालं, तेव्हा तू 'ताबडतोब परत ये' म्हणत होतीस. तुझं चुकलं नव्हतं. पण तेव्हा वर्ग अर्धवट सोडून निघणं मला जमलं नसतं. आता इथलीच पीएच.डी. झालेली मुलं शिकवायला उभी राहिलीत, काही माझ्याच वर्गातली. जायची वेळ झाली हे मला पटतं. बाबा थकलेत, आजी माझी वाट बघते, आणि तुझं लग्न ठरायच्या आत मला तुझ्याबरोबर थोडं राहायचंय. मला यायचंय, मनू. यात शंका घेऊ नकोस.

फक्त सांगलीच्या घरात मी कुठे बसेन ते कळत नाही. ओट्यावरचे डबे आता आजीच्या आणि तुझ्या सवयीने लागलेत. मागच्या सुट्टीत मी जिरं शोधत होते आणि तू पाहुण्याला द्यावं तसं हसून काढून दिलंस. तुला आठवतही नसेल.

आज संध्याकाळी तळ्यावर जाऊन आले. पपायरसच्या होड्यांतून कोळी परतत होते. ताना तळ्यातून निळी नाईल बाहेर पडते त्या टोकापर्यंत चालले. उद्यापासून सामान बांधायचं. शेजारच्या बाईंनी मला मातीचा जेबेना दिलाय, कॉफी उकळायचा, उभ्या मानेचा. तो मी हातातच धरून आणणार आहे. कच्च्या बियाही आणतेय, त्या तव्यावर भाजायच्या असतात.

इथे कॉफी एकदा पीत नाहीत, त्याच पुडीवर तीनदा पाणी घालून तीन फेऱ्या होतात. दुसरीनंतर उठणं बरं दिसत नाही. पहिल्या रविवारी दुपारी कुठे जाऊ नकोस. तिसरी फेरी होईपर्यंत बस माझ्याजवळ, आणि तुला जे विचारायचंय ते विचार.

तुझी,
आई