बाबा, ती एफडी मोडा

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा 'जेवलीस का?' विचारतात आणि तो तिथेच राहतो. म्हणून लिहितेय.

परवा दादरला आले होते तेव्हा लाइटबिल शोधताना कपाटातल्या बिस्किटांच्या डब्यात एफडीची पावती दिसली. तिला टाचणीने चिठ्ठी लावलेली, बाबांच्या अक्षरात: 'मनूच्या निवृत्तीसाठी. मोडू नये.' त्याच दुपारी आई भाजी घेऊन आली. दुसऱ्या मजल्यावर तिने पिशवी पायरीवर टेकवली आणि कठडा धरून उभी राहिली. अजून एक मजला चढायचा होता. गुडघ्याचं ऑपरेशन दोन वर्षं 'बघू, बघू' करत का लांबतंय, ते मला त्या जिन्यातच कळलं.

बाबा, आम्ही आमचा हिशेब मांडलाय. पीएफ आहे, पीपीएफ आहे, डोंबिवलीच्या घराचे हप्ते निवृत्तीआधी फिटतात. कमी पडत होतं तेवढी एसआयपी वाढवली. त्यात दादरचं घर आणि ही एफडी शून्य धरलीय, मुद्दाम. आजी ९३ वर्षांची होऊन गेली. तुम्ही आज ७८. तिच्याइतकं जगलात तर मी तेव्हा ६२ वर्षांची असेन, निवृत्त होऊन चार वर्षं झालेली. तसंच व्हावं, त्याहून जास्त व्हावं. तुमच्या जाण्याची तारीख धरून माझ्या म्हातारपणाची बेगमी करायची, हे माझ्याच्याने होणार नाही.

मुदतीआधी मोडली म्हणून व्याज थोडं कमी मिळेल, मिळू दे. ऑपरेशन होऊन उरेल ते पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. २०२३ पासून तिथे एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि दर तीन महिन्यांनी व्याज हातात येतं. ते खर्च करायचं, साठवायचं नाही.

आणि मृत्युपत्र करा. सोसायटीत विनूचं नाव नॉमिनी म्हणून लावलंय, म्हणजे सगळं झालं असं नाही. नॉमिनी मालक होत नाही. सोसायटी त्याला तात्पुरता सभासद करून घेईल, पण घर कुणाचं हे मृत्युपत्रावरून ठरतं, ते नसेल तर वारसा कायद्यावरून. साधा कागद, तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. नोंदणीची सक्ती नाही, तरी आपण ती करून घेऊ. कुणाला किती द्यायचं ते तुम्ही ठरवा, विनू आणि मी त्यावर अवाक्षर काढणार नाही. फक्त एवढं स्पष्ट लिहा की आई आहे तोवर त्या घरात तिचा शब्द चालेल. तिला आमच्यापैकी कुणालाही विचारायची वेळ येऊ नये.

शनिवारी सकाळी येते. डॉक्टरांची ११ची वेळ घेतलीय. आई, जुने एक्स-रे काढून ठेव. बाबा, तुम्ही ती पावती.

तुमची,
मनू