वाकळ आणि बाहुली वेगळ्या करू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घर आवरताना जुनी सुती लुगडी सरळ काढून टाकण्याचा सल्ला वाचला आणि पत्र लिहायला बसले. खरं तर महिनाभर मनात काहीतरी खुपत होतंच.

गेल्या महिन्यात तालुक्याच्या गावी महिलांच्या हस्तकलेचं प्रदर्शन होतं. मी सहा छोट्या वाकळी, म्हणजे जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, आणि त्यांच्या सहा कापडी बाहुल्या दिल्या होत्या. सकाळी स्वतः मांडून आले. दुपारी पाहते तर वाकळी गोधड्यांच्या दालनात आणि बाहुल्या पलीकडे बालविभागात, शाळेच्या मुलांनी केलेल्या आकाशकंदिलांच्या शेजारी. विचारलं तर उत्तर मिळालं, “काकू, बाहुल्या म्हणजे खेळणीच ना?” मुलांचे कंदील सुरेख होते, त्यांच्याशेजारी बसण्यात मला कमीपणा वाटला नाही. पण ज्या पदराची वाकळ, त्याच पदराचं बाहुलीचं लुगडं. दोन्ही शेजारी असल्याशिवाय ते दिसतच नाही.

मी ६३ वर्षांची आहे, राहणार वाई. ३१ वर्षं मुलींना शिवण शिकवलं. आई गेली तेव्हा तिची चार लुगडी माझ्या वाट्याला आली. दोन इरकली, दोन साधी. मधलं अंग इतकं विरलेलं की अंथरायची वाकळ त्यातून निघालीच नसती, पण काठ आणि पदर शाबूत होते. म्हणून बारा इंच बाय नऊ इंचांच्या वाकळी शिवल्या, भावंडांना एकेक. धाकट्या भावाच्या नातीनं आपल्या घरची वाकळ उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, “आज्जी, हिच्यात झोपतं कोण?” तिच्या त्या प्रश्नापायी वयाच्या ५८ व्या वर्षी मी पहिली बाहुली करायला घेतली.

शिवणात हयात गेली, तरी बाहुलीनं मला पुन्हा पहिल्या धड्यावर आणलं. अंगासाठी मांजरपाट घेतलं आणि चहाच्या पाण्यात उकळून त्याला रंग दिला. आत शेवरीचा कापूस भरला. दोन दिवसांत त्याच्या गुठळ्या झाल्या आणि मान पडली. चार बाहुल्या उसवल्या. मग कापूस सोडून लुगड्याच्याच विरलेल्या भागाच्या बोटभर रुंद पट्ट्या काढल्या, घट्ट गुंडाळून भरल्या आणि मानेत खराट्याची काडी घातली, दोन्ही टोकांना कापड लपेटून. तेव्हा मान उभी राहिली. डोळ्यांना बटणं लावत नाही, एखादं लहान पोर तोडून तोंडात घालायचं. काळ्या दोऱ्यानं भरते. डोळे चेहऱ्याच्या मध्यावर आले की बाई दिसते, जरा खाली घेतले की लेकरू. हे कळायला मला तीन चेहरे लागले. आईचं जुनं गंगावन ट्रंकेत होतं, पहिल्या बाहुलीचा अंबाडा त्याचाच आहे.

वाकळही बाहुलीच्या बेतानं शिवावी लागते. अंथरायच्या वाकळीत चार-पाच थर आणि धावदोऱ्याचा टाका तांदळाएवढा. तोच हिशेब इथे लावला तर ती पापडासारखी ताठ राहते, बाहुलीच्या अंगावर पडत नाही. मी आत जुन्या धोतराचा एकच थर घालते आणि टाका मोहरीएवढा ठेवते. शिवण कडेनं फिरत फिरत मध्यावर येते. शेवटचा चौकोन बंद करण्याआधी आई तिथे भाकरीचा तुकडा ठेवायची, वाकळीचं पोट रिकामं राहू नये म्हणून. मी ज्वारीचा एकच दाणा ठेवते, तव्यावर कोरडा भाजून, नाहीतर कीड लागते. वरून बोट फिरवलं की तो हाताला लागतो.

एवढं सगळं केल्यावर कुणी ‘पोरखेळ’ म्हटलं की लागतं. भाद्रपदात गौरी उभ्या करताना घरातल्या जाणत्या बायकाच कापडाचे हात भरतात, निऱ्या घालून लुगडं नेसवतात, पदर चापूनचोपून बसवतात. तिथे श्रद्धा आहे, त्याची बरोबरी मी करत नाही. पण हातातलं कसब तेच आहे आणि तिथे त्याला कुणी खेळ म्हणत नाही.

दुसरं दुखणं मोठं आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी अनेकदा गेले आहे. घरोघरचे अडकित्ते, दिवे, वाद्यं एका माणसानं ध्यास घेऊन जमवली आणि पुढे शासनाच्या हाती सोपवली, म्हणून ती आज पाहायला मिळतात. पण पितळ आणि लाकूड तग धरतं, चिंध्या धरत नाहीत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तमधली रोमन काळातली एक कापडी बाहुली आहे. जाडसर लिननची, पोटात चिंध्या आणि पपायरस भरलेली. इतकी शतकं ती राहिली, कारण तिथली वाळू कोरडी. आपल्याकडे चार महिने पाऊस, वर कसर आणि उंदीर. आपल्या आज्यांनी केलेल्या बाहुल्या जमिनीतून कधी निघणार नाहीत. ज्या उरल्यात त्या कुणाच्या तरी माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत.

म्हणून वाचक भगिनींना कळकळीची विनंती. यंदा आवराआवरीत जुनं सुती कापड बोहारणीला देण्याआधी गाठोडं एकदा उकलून बघा. चिंध्यांची बाहुली सापडली तर ती धुऊ नका. रंग उतरतो, आतलं भरण कुजतं. सावलीत वारं द्या, जुन्या धुवट कापडात गुंडाळा, सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा. आणि घरातलं वडीलधारं माणूस आहे तोवर विचारून घ्या, ही कुणी केली.

प्रदर्शन भरवणाऱ्यांनी पुढच्या वेळी वाकळीशेजारीच बाहुलीला जागा द्यावी. टेबल लहान असलं तरी चालेल. समोर ठेवलेल्या चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहाव्यात: लुगडं कुणाचं, शिवलं कुणी, साल कोणतं.

आपली,
एक निवृत्त शिवणशिक्षिका,
वाई, जि. सातारा