वह्या पुरे, नववीकडे बघा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

शाळा उघडल्या की आपल्या पानांवर वह्यावाटपाचे फोटो सुरू होतात. तालमींचे, तरुण मंडळांचे, पतसंस्थांचे आणि अलीकडे चर्चच्या आवारातलेही. मधोमध प्रमुख पाहुणे, दोन्ही अंगांना समितीची माणसे आणि पुढे छातीशी वह्यांचा गठ्ठा धरून उभी केलेली पाच-सहा मुले. हे पत्र कॅथलिक पॅरिशमधून, म्हणजे एका चर्चभोवतीच्या स्थानिक धर्मग्रामातून, होणाऱ्या शैक्षणिक मदतीबद्दल आहे. पण ती जिथे चुकते तिथेच मंडळेही चुकतात, म्हणून चर्चबाहेरच्या वाचकांनीही ते वाचावे.

कोल्हापुरात ख्रिस्ती म्हटले की लोकांना १८५२ साली आलेले अमेरिकन मिशनरी वायल्डर आणि त्यांचे मिशन आठवते. ती परंपरा प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट. कॅथलिक त्या मानाने थोडे आणि विखुरलेले. काही गोवा, सावंतवाडी, मंगळूर, केरळकडून नोकरीधंद्याला आलेले, काही आजरा-गडहिंग्लज-चंदगडच्या पट्ट्यातले, काही शिरोलीच्या फौंड्रीत नाहीतर इचलकरंजीच्या मागावर रोजाने जाणारे. एकाच मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, बँकेतला अधिकारी आणि फौंड्रीतला कंत्राटी मोल्डर शेजारी बसतात, आणि मोल्डरचा पोरगा कितवीत आहे हे अधिकाऱ्याला माहीत नसते.

वह्या जूनमध्येच का वाटतात, याला चर्चमध्ये एक जास्तीचे कारण आहे. १३ जूनला संत अंतोनीचा सण असतो. त्याच्या नावाने गरिबांना पाव वाटायची जुनी रीत आहे, आणि त्यासाठी पुतळ्याजवळ ठेवलेल्या पेटीत वर्षभर, विशेषतः मंगळवारच्या नोव्हेनाला (संताच्या नावाने होणाऱ्या प्रार्थनेला), लोक पैसे टाकतात. सणाला पेटी उघडायची, दोन-तीन दिवसांत शाळा उघडणार, वह्या आणून वाटायच्या की झाले. सगळे इतके सोयीचे जुळते की कुणी पुढचा प्रश्नच विचारत नाही.

वह्यांमध्येही घोळ असतोच. खालच्या वर्गाला इंग्रजीसाठी चाररेघी लागते, गणिताला चौकटीची. आठवीच्या वर दोनशे पानी लाँग बुक मागतात. घाऊकात स्वस्त पडते ती शंभर पानी एकरेघी, म्हणून सगळ्यांच्या हातात तीच. काही खासगी शाळांत तर शाळेचे नाव छापलेल्या वह्या शाळेतूनच घ्याव्या लागतात. मग फुकट मिळालेला डझन घरात हिशेबाला नाहीतर धाकट्याच्या चित्रांना जातो. शिवाय ज्या गल्लीत एक मंडळ पोचते तिथेच बाकीचीही पोचतात.

पण खरा मुद्दा वह्यांचा नाही. गरिबाचे मूल वह्यांवाचून सहसा शाळा सोडत नाही. ते कधी सोडते हे कायद्याच्या आणि योजनांच्या कडा जिथे जुळतात तिथे दिसते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयापुरता, म्हणजे आठवीपर्यंत. सरकारी आणि अनुदानित शाळांत बालभारतीची पुस्तके मोफत, ती आठवीपर्यंत. मोफत गणवेश आठवीपर्यंत. दुपारचा पोषण आहार आठवीपर्यंत. नववीच्या पहिल्या दिवशी हे सगळे एकदम थांबते. त्याच सुमाराला पोरगा चौदा ओलांडतो, आणि बालकामगार कायद्यात २०१६ ची दुरुस्ती झाल्यापासून सरसकट बंदी आहे ती चौदा वर्षांखालच्यांना. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना मनाई फक्त धोकादायक कामांत. शाळेने हात सोडायचे वय आणि गॅरेजवाल्याने हात धरायचे वय एकच झाले. मुलीला सरकारी-अनुदानित शाळेत बारावीपर्यंत शिक्षण शुल्क नाही, आणि गावाकडून येणारीला अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास फुकट मिळतो. मुलग्याला मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे तिसरा हिस्सा दर महिन्याला खिशातून. (मुली शाळा सोडतात त्याची कारणे वेगळी आणि जास्त गुंतागुंतीची आहेत, ती इथे मावणार नाहीत.) अल्पसंख्याकांची केंद्रीय मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती होती, तीही पहिली ते आठवीसाठी २०२२ मध्ये बंद झाली.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की पॅरिशच्या हाती जो शैक्षणिक पैसा येतो तो नववी-दहावीला लावावा, आणि वाटप म्हणून नव्हे तर दोन वर्षांची जबाबदारी म्हणून. चाळीस मुलांना एक दिवस खूश करण्यापेक्षा पाच मुलांना दहावीपार नेणे जास्त उपयोगाचे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा हुकूम काढला तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. त्याआधीपासून ते वसतिगृहे काढत होते. मुलाला वर्षभर राहायला आणि जेवायला लागते हे या गावाला शंभर वर्षांपूर्वी कळलेले आहे.

हिशेब असा मांडावा. एका मुलाचा दोन वर्षांचा खर्च आधी लिहून काढायचा: नववी-दहावीची पुस्तके, एक गणवेश, चोवीसपैकी सुट्ट्या वगळून जितके महिने पास लागेल तितके महिने, प्रयोगवही, सराव प्रश्नपत्रिका, बोर्डाची परीक्षा फी, लागली तर एका विषयाची शिकवणी. त्यावर दहावा हिस्सा आजारपण-अडचणीसाठी. हाताशी असलेल्या रकमेला या आकड्याने भागायचे आणि येतील तितकीच मुले घ्यायची. नेमके उलटे होते. आधी यादी होते, मग पैसे वाटून टाकले जातात, आणि दहावीच्या ऑक्टोबरात तिजोरी रिकामी. जुनी पुस्तके गोळा करावीत, पण अभ्यासक्रम बदललेल्या वर्षी ती चालत नाहीत, आणि ज्यांत उत्तरे पुस्तकातच लिहायची असतात त्या वापरलेल्या कृतिपुस्तिका कुणालाच देऊ नयेत.

मुले निवडायची कशी? आठवीचा निकाल लागतो तेव्हाच, मेमध्ये. रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाच्या बाईंना सगळे माहीत असते. याच वयाच्या आसपास दृढीकरण संस्काराचा (बाप्तिस्म्याची श्रद्धा पक्की करणाऱ्या विधीचा) वर्ग असतो, आणि त्यातून पावसाळ्यात अचानक गळालेला मुलगा बहुधा कुठेतरी कामाला लागलेला असतो. मग घरभेट. १८३३ मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी सुरू केली, तिचा आजही पाळला जाणारा शिरस्ता म्हणजे दोघांनी मिळून घरी जायचे, आणि जात-धर्म न बघता. हा शिरस्ता भाबडा नाही. एकटा गेला तर माणूस एकतर विरघळतो नाहीतर संशय घेतो. संध्याकाळी सातनंतर जावे, दोघे पालक भेटतात. रविवारी जाऊ नये, चर्चला का आला नाहीत हे विचारायला आलेत असे वाटते. आणि ते विचारूही नये. पहिल्या भेटीत काही नेऊ नये, वही-पेन बाहेर काढू नये. घरात कोण आजारी आहे, कर्जाचा हप्ता कुणाचा, मुलगा शाळेत कशाने जातो, दुपारी काय खातो, एवढे बोलता बोलता कळते. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. पोषण आहार थांबलेला असतो, आणि डबा नसल्याने मधल्या सुट्टीत घरी गेलेला मुलगा परत वर्गात येत नाही.

पैसे मुलाच्या किंवा बापाच्या हातात द्यायचे नाहीत. शाळेच्या खात्यात भरायचे, पावती मुलाच्या नावाची घ्यायची. पास समितीतल्या एकाने दर महिन्याला काढून द्यायचा. हे कंटाळवाणे काम आहे आणि तिथेच बहुतेक योजना मोडतात, कारण जूनमध्ये दहा हात पुढे येतात आणि सप्टेंबरात एकच उरतो. नोंदवहीत नाव न लिहिता क्रमांक लिहावा; क्रमांक कुणाचा हे फादर आणि खजिनदार अशा दोघांनाच ठाऊक असावे.

पैशाबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. १९८३ च्या कॅनन लॉप्रमाणे, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याप्रमाणे, प्रत्येक पॅरिशला वित्त समिती असलीच पाहिजे (कलम ५३७). ज्या कामासाठी दान दिले त्याच कामाला ते लावायचे (कलम १२६७), आणि लोकांनी दिलेल्या दानाचा हिशेब लोकांना द्यायचा (कलम १२८७). तरीही शिक्षणासाठी म्हणून घेतलेले दुसरे कलेक्शन (मिस्सेत खास कामासाठी फिरवलेली दानाची दुसरी पिशवी) रविवारच्या नेहमीच्या कलेक्शनमध्ये मिसळते, आणि दिवाळीपर्यंत ते चर्चच्या गळक्या पत्र्यांना लागलेले असते. बदमाशी क्वचितच असते. पिशवी एकच असते हे कारण. म्हणून पिशव्या वेगळ्या हव्यात. मिस्सा संपताच सॅक्रिस्टीत (वेदीमागच्या खोलीत), एकमेकांच्या नात्यातले नसलेल्या दोघांनी मोजायचे, कागदावर नोटा-नाणी मूल्यवार लिहून दोघांनी सही करायची आणि सोमवारी बँकेत. नाण्यांवरून बँकेत वाद होतो. शंभर-शंभर नाण्यांच्या प्लास्टिक पुड्या करून नेल्या तर काउंटरवरचा माणूस सहसा परत पाठवत नाही. मोठ्या देणगीदाराला आधीच सांगावे की दोन हजारांवरची रोख रक्कम करसवलतीला धरली जात नाही, चेक द्या. आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या पेट्यांचा पैसा यात धरू नये. कॅरिटास या कॅथलिक मदतसंस्थेच्या मोहिमेसाठी घरोघर दिलेली पेटी ही त्या मोहिमेची, ती पॅरिशच्या शाळाखर्चाला फोडता येत नाही.

मग जूनचे काय? अंतोनीच्या पेटीतला एक तृतीयांश जूनमध्ये पुस्तकांना आणि पहिल्या पासाला खर्च करावा. उरलेला राखून ठेवावा. दहावीचे परीक्षेचे फॉर्म आणि फी साधारण दिवाळीच्या मागेपुढे येतात, ऊसतोडही तेव्हाच सुरू होते आणि हंगामावर जाणारे घर मुलाला सोबत नेते. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ पासून सुरू केलेला गरिबांचा जागतिक दिन नोव्हेंबरच्या मध्यावर, ख्रिस्तराजाच्या सणाच्या आधीच्या रविवारी येतो. शिक्षणाचे दुसरे कलेक्शन त्या रविवारी घेतले तर पैसा गरजेच्या महिन्यात हाती येईल.

कागदपत्रांत नाव हा एक वेगळाच त्रास. बाप्तिस्म्याच्या वहीत ‘अंतोनी’, शाळेच्या जनरल रजिस्टरला ‘अँथनी’, आधारवर तिसरेच. आडनाव डिसोझा असेल तर इंग्रजीत मधला अपॉस्ट्रॉफी कुठल्या संगणकाला चालतो, कुठल्याला नाही. कुठे तो गाळून दोन अक्षरे जोडतात, कुठे मोकळी जागा सोडतात. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर जे छापले जाते ते शाळेच्या रजिस्टरवरून. त्यामुळे नववीतच तिन्ही कागद शेजारी ठेवून तपासावेत आणि रजिस्टरमधली दुरुस्ती मुलगा शाळेत असतानाच मुख्याध्यापकांमार्फत करून घ्यावी. शाळा सोडल्यावर तेच काम महिनोन् महिने खाते.

आता जरा नावडते. कॅथलिक धर्मसंस्थांच्या इंग्रजी शाळांना शिक्षण हक्क कायद्यातल्या, गरीब-वंचित मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागांचे बंधन नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या प्रमती निकालात अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळले. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेच्या) १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात कॅथलिक शाळांनी गरिबांकडे विशेष लक्ष द्यावे असे स्वच्छ म्हटले आहे. बऱ्याच शाळा सवलत देतातही. ती शिकवणी फीत मिळते. संगणक, उपक्रम, सहल, व्हॅन हे सुटे आकडे तसेच राहतात आणि मूल दुसऱ्या वर्षी गुपचूप काढले जाते. सवलत द्यायची तर एकूण रकमेवर आणि दहावीपर्यंतची लेखी द्यावी. तेवढे जमत नसेल तर त्या मुलाला चांगल्या अनुदानित मराठी शाळेत घालून त्याच्या पासाचा खर्च उचलणे जास्त प्रामाणिकपणाचे आहे.

राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, दरवर्षी बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायातला उतारा वाचतात, दान देताना पुढे कर्णा वाजवू नका असे सांगणारा. ज्या मुलाचा फोटो पेपरात येतो त्याला दुसऱ्या दिवशी वर्गात काय ऐकावे लागते ते कुठल्याही शिक्षकाला विचारा. तेव्हा आपल्या दैनिकाकडे एक मागणी: वाटणाऱ्यांचे फोटो हवे तितके छापा, घेणाऱ्या मुलांचे चेहरे छापू नका.

दुसरी मागणी अशी की दहावीला खासगीरीत्या बसण्यासाठीच्या फॉर्म नंबर १७ ची मुदत बोर्डाने जाहीर केली की ती ठळक छापावी. कोल्हापूर, सांगली, सातारा तिन्ही जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळात येतात. ज्यांनी आठवी-नववीनंतर शाळा सोडली त्यांना परतीची ही वाट आहे. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, तो नसेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र, आधार आणि फोटो लागतो. जुन्या शाळेतून दाखला काढायलाच बरेच दिवस जातात, म्हणून मुदतीची वाट न बघता तो आत्ताच काढून ठेवावा.

कळावे,
आपला,
पॅरिशच्या मदत समितीतील एक कार्यकर्ता,
कोल्हापूर