टेन्युअरचं घड्याळ आणि लिटलचा नियम

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

टेन्युअर, म्हणजे प्राध्यापकाची कायमची नेमणूक, मिळवायला सहा वर्षांत किती पेपर लागतात, असं विचारलंस. आकडा विद्यापीठागणिक बदलतो आणि लेखी कुणीच देत नाही. म्हणून आकड्याऐवजी हिशेब सांगते, तोही तुझ्याच विषयातला. जॉन लिटलनं 1961 साली सिद्ध केलेला नियम तू वर्गात शिकवतोस: रांगेतली सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत घालवलेला सरासरी वेळ. हाच नियम स्वतःच्या पेपरांना लाव. ‘मॅनेजमेंट सायन्स’सारख्या जर्नलसाठी कल्पनेपासून स्वीकृतीपर्यंत साडेतीन वर्षं धर. वर्षाला एक पेपर बाहेर पडायला हवा असेल, तर हातात कायम तीन-चार पेपर वेगवेगळ्या टप्प्यांवर हवेत. एकालाच कवटाळून बसलास तर साडेतीन वर्षांत एकच.

पण हा नियम दीर्घकाळच्या सरासरीचा, आणि टेन्युअरचं घड्याळ मध्येच थांबतं. साधारणपणे निर्णय सहाव्या वर्षी होतो, पण बाहेरच्या प्राध्यापकांची मतं मागवायची म्हणून फाइल त्याआधीच्या उन्हाळ्यात जाते. म्हणजे खरी वर्षं पाच. त्यातून साडेतीन वजा कर. नोकरीच्या पहिल्या दीड वर्षात सुरू केलेलं कामच छापील म्हणून मोजलं जाईल, बाकीचं ‘तपासणीत आहे’ या रकान्यात. आणि नेमकं तेच दीड वर्ष नवे कोर्स, नवं गाव, नवं घर यांत जातं. म्हणून प्रबंधाची तीन प्रकरणं तीन सुटे पेपर म्हणूनच लिही, आणि त्यातला एक तरी रुजू होण्याआधी जर्नलकडे गेलेला असू दे.

साडेतीन वर्षं जातात कुठे? पहिल्या मसुद्याला वर्ष. मग संपादक, सहसंपादक आणि दोन-तीन रेफरी (पेपर तपासणारे तज्ज्ञ) यांच्याकडून पहिलं उत्तर यायला चार ते सहा महिने. मोठी रिव्हिजन, म्हणजे सुधारून पाठवा असा निरोप, आली तर ती करायला सहा महिने ते वर्ष, पुन्हा एक फेरी, कधी दोन. नकार आला तर दुसऱ्या जर्नलच्या दारात रांगेच्या शेवटी. पेपर पाठवल्यानंतर तुझ्या हातात फक्त रिव्हिजनचं आहे. ती आली की नवी कल्पना बाजूला ठेव. ज्याचं उरलेलं काम सर्वांत कमी ते आधी उरकलं तर सरासरी थांबणं कमी होतं, हे शेड्युलिंगमध्ये शिकला आहेस. तरी माणसं करतात उलटं, कारण नवी कल्पना गोड असते आणि रेफरीचे शेरे कडू.

नकाराची कारणं बरीचशी ठरलेली. न्यूजव्हेंडर (अनिश्चित मागणीसाठी किती माल घ्यावा याचं पाठ्यपुस्तकी मॉडेल) घेतला, एक पॅरामीटर जोडला, सिद्धता पुन्हा लिहिली. रेफरी विचारतो, यानं कुठल्या व्यवस्थापकाचा निर्णय बदलला? त्याचं उत्तर पहिल्या दोन पानांत नसेल तर पुढची तीस पानं कुणी मनापासून वाचत नाही. दुसरं, केवळ सिद्धता सुटावी म्हणून मागणी ‘युनिफॉर्म’ (ठरावीक मर्यादेतला प्रत्येक आकडा सारख्याच शक्यतेचा) धरणं. मग निदान दुसऱ्या दोन वितरणांवर आकडेमोड करून निष्कर्ष टिकतो हे दाखव. तिसरं मला सर्वांत जास्त खटकतं: फलन प्रत्येक चलात वेगवेगळं अवतल (कॉन्केव्ह, म्हणजे आलेख घुमटासारखा) आहे, म्हणून एकत्रितही आहे असं गृहीत धरणं. −x² − y² + 3xy घे. दोन्ही चलांत सुटं अवतल आहे, पण हेसियनचा (दुसऱ्या क्रमाच्या विकलजांच्या सारणीचा) डिटर्मिनंट 4 − 9 = −5. पहिल्या क्रमाच्या अटींतून काढलेलं उत्तर (इथे शून्य, शून्य) महत्तम नव्हेच, तो खोगीरबिंदू: एका दिशेनं शिखर, दुसऱ्या दिशेनं दरी. डिटर्मिनंट न तपासता ‘सहज दिसते की’ असं लिहू नकोस.

रिव्हिजनच्या उत्तरात प्रत्येक शेरा शब्दशः उतरव, खाली उत्तर, शेजारी पान क्रमांक. न पटलेला शेरा गाळू नकोस. का बदल केला नाही ते लिही.

शिकवण्याबद्दल थोडकंच. एमबीएच्या वर्गात एक्सेलच्या सॉल्व्हरवर (सर्वोत्तम उत्तर शोधणाऱ्या जोड-प्रोग्रॅमवर) काम भागतं, पण सोबत येणाऱ्या आवृत्तीला 200 निर्णयचलांची मर्यादा आहे. उदाहरणं तेवढ्यात बसव. विद्यार्थी हमखास शीटमध्ये ‘इफ’ घालतात आणि सिम्प्लेक्स, म्हणजे सॉल्व्हरची फक्त रेषीय गणितं सोडवणारी पद्धत, रेषीयतेची तक्रार करतो. त्याऐवजी शून्य-एक चल (कारखाना सुरू तर एक, बंद तर शून्य) आणि त्याला गुणणारा, उत्पादनाची कमाल मर्यादा ठरवणारा मोठा स्थिरांक वापरायला शिकव. तो स्थिरांक गरजेपुरताच मोठा ठेवायचा. दहा लाख टाकला की 0.000001 हे चल सॉल्व्हरला शून्यच वाटतं, पण गुणाकार एक येतो, आणि बंद असलेला कारखाना माल बनवताना दिसतो.

जॉब टॉकची, म्हणजे नोकरीच्या मुलाखतीतल्या संशोधनावरच्या भाषणाची, तालीम नव्वद मिनिटांची कर, पण मुख्य निष्कर्ष पहिल्या वीस मिनिटांत येऊ दे. बिझनेस स्कूलमध्ये दुसऱ्या स्लाइडपासूनच प्रश्न सुरू होतात. अर्ज उन्हाळा संपताना जातात, म्हणून शिफारसपत्रांसाठी तिघांना जूनमध्येच विचार आणि सोबत पेपरचा पूर्ण मसुदा दे, नुसता सारांश नको.

तुझी,
आई