पुतण्या अठराचा होईपर्यंत थांबायचं का?

संपादक महोदय,

प्रायव्हेट ट्रस्ट (घरच्यांसाठी, म्हणजे लाभार्थींसाठी, मालमत्ता सांभाळायला ट्रस्टींच्या हवाली करायची), इस्टेट प्लॅनिंग यावर हल्ली पेपरात बरंच छापून येतं आणि त्यात एक वाक्य ठरलेलं असतं, ट्रस्ट इर्रिव्होकेबल, म्हणजे रद्द न करता येणारा, केला की कोर्टात गेल्याशिवाय त्यातलं काही बदलता येत नाही. हे अर्धंच खरं आहे आणि ते अर्धं सध्या आमच्याच घरात आलंय म्हणून लिहितोय.

वडिलांनी २००६ साली ट्रस्ट केला. राहता फ्लॅट आणि थोड्या एफडी, लाभार्थी आई, आम्ही तिघं भावंडं आणि नातवंडं. डीडमध्ये, म्हणजे ट्रस्टच्या दस्तात, लिहिलंय की फ्लॅट विकायचा नाही, ताबा बाहेरच्या कोणाला द्यायचा नाही, पैसे फक्त सरकारी बँकेत. एका पतसंस्थेत हात पोळलेले, त्यामुळे त्यांचं तेव्हा बरोबरच होतं. आता सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघालीय, बिल्डर ताबा मागतोय, डीड म्हणतं देऊ नका, आणि विचारायचं तर वडील राहिले नाहीत.

वकिलांनी १८८२ चा इंडियन ट्रस्ट्स ॲक्ट उघडून कलम ११ दाखवलं. ट्रस्टीने डीडप्रमाणेच वागायचं, पण सगळे लाभार्थी सज्ञान असतील आणि सगळ्यांची संमती असेल तर अटी बदलता येतात, कोर्टाचं काही काम नाही. कलम ५६ तर म्हणतं की असे सगळे एकमताने ट्रस्टीला सांगू शकतात, प्रॉपर्टी आमच्या नावावर करून टाक. म्हणजे इर्रिव्होकेबलचा अर्थ देणाऱ्याने परत मागायचं नाही एवढाच, ज्यांना दिलं त्यांनी आपसात काही ठरवूच नये असा नाही. आम्ही खूश, पेढे आणायचेच बाकी होते.

पण पुतण्या ११ वर्षांचा. लाभार्थी अज्ञान असला की कलम ११ मध्ये त्याच्या वतीने संमती द्यायची ती दिवाणी कोर्टाने. आईबापांची सही शाळेच्या सहलीला चालते, ऑपरेशनच्या फॉर्मवर चालते, इथे चालत नाही. घरात एकाचाही विरोध नाही, नवा फ्लॅट मोठा मिळणार म्हणजे पोराचाही फायदाच, तरी अर्ज केला आणि वर्षभर तारखा घेतोय.

चुलत बहीण न्यू जर्सीत असते, ती म्हणाली आमच्याकडे हे वकिलाच्या ऑफिसात सह्या करून होतं. तिकडे २००० साली युनिफॉर्म ट्रस्ट कोड, म्हणजे राज्यांनी घ्यावा असा नमुना कायदा, तयार झाला, न्यू जर्सीने तो २०१६ मध्ये घेतला. त्यात आईबाप आणि मुलाचे हितसंबंध एकमेकांच्या आड येत नसतील तर आईबाप मुलाच्या वतीने सही करू शकतात, अगदी जन्माला न आलेल्या मुलाच्या वतीनेसुद्धा. मोकाट सोडलेलं नाहीये, ट्रस्टचा मूळ हेतूच मोडणारा करार चालत नाही आणि कोर्टाने जे मंजूर केलं नसतं ते असल्या करारानेही होत नाही. न्यूयॉर्कमध्ये तर १९९२ पासून ट्रस्टीला अधिकार असेल तर जुन्या ट्रस्टमधली मालमत्ता नव्या अटींच्या ट्रस्टमध्ये ओतता येते, एका बरणीतलं लोणचं दुसऱ्या बरणीत काढावं तसं.

आपल्या कायद्याने पोराला कोर्टाचं संरक्षण दिलं ते चुकलं असं मी म्हणत नाही, 'काका, मला वाचवा' ज्या शहरात घडलं तिथला काका आहे मी. पण ज्या बदलात कोणाचा वाटा कमी होत नाही तिथे तरी आईबापांची सही का चालू नये? १८८२ चं कलम आहे, त्यात एवढी भर घालायला काय हरकत आहे.

आत्ता जे डीड करतायत त्यांनी अटी बदलायचा अधिकार ट्रस्टींना किंवा विश्वासातल्या एखाद्या तिऱ्हाइताला द्यायचं कलम आधीच घालून घ्या. मात्र मालमत्ता ट्रस्ट करणाऱ्याकडे परत येईल असं काही त्यात लिहू नका, नाहीतर इन्कम टॅक्सवाले ट्रस्ट रिव्होकेबल धरून उत्पन्न त्याच्याच डोक्यावर मांडतात. (देवस्थान, शाळा वगैरे सार्वजनिक ट्रस्टचं सगळं वेगळं, ते धर्मादाय आयुक्तांकडे.)

पुतण्याला १८ पूर्ण व्हायला अजून सात वर्षं आहेत, बिल्डरने आम्हाला दिवाळीपर्यंतची मुदत दिलीय.

आपला,
एक वाचक, पुणे