डार्वेन म्हणजे फक्त अठरा पराभव नव्हेत

मा. संपादक,
स. न.

इंग्लिश फुटबॉलमधल्या सलग पराभवांचा विषय निघाला की डार्वेन या क्लबचे नाव हमखास छापून येते. 1898-99 च्या मोसमात दुसऱ्या श्रेणीत ओळीने 18 पराभव, हा आकडा खराच आहे. त्या मोसमात 34 पैकी 2 सामने जिंकले, 27 हरले, 141 गोल खाल्ले, तीनदा तर 0-10 असा मार बसला. पण एवढ्यावरच थांबणे अन्यायाचे आहे, आणि गिरण्यांच्या सोलापुरात तरी तो होऊ नये.

डार्वेन हे लँकेशायरमधले, ब्लॅकबर्नला खेटून असलेले कापडगिरण्यांचे गाव. तिथल्या एका गिरणीचे नावच इंडिया मिल. तिची 303 फुटांची चिमणी अजून उभी आहे. क्लब 1870 चा. गिरणगावात फुटबॉल रुजला तो सुटीमुळे. 1850 च्या कायद्यानंतर कापडगिरण्या शनिवारी दुपारी दोनला थांबू लागल्या. भोंगा झाला की माणसे थेट मैदानावर.

13 फेब्रुवारी 1879. लंडनच्या ओव्हल मैदानावर एफए कप या इंग्लंडच्या बादफेरी स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी, समोर ईटन या बड्या घरच्या मुलांच्या शाळेचे माजी विद्यार्थी, म्हणजे ओल्ड इटोनियन्स. पंधरा मिनिटे उरली तेव्हा डार्वेन 1-5 ने मागे होता. शिट्टी झाली तेव्हा 5-5! गिरणीवाले जादा वेळ खेळायला तयार होते, इटोनियन्सनी नकार दिला. फेरसामनाही लंडनलाच. दोनशे मैलांचा प्रवास, बुडणारी मजुरी, आणि भाड्यासाठी गावात वर्गणी. दुसरा सामना 2-2, तिसरा 2-6. इटोनियन्सनी त्या वर्षी कपही जिंकला.

डार्वेनच्या संघात ग्लासगोकडचे दोन खेळाडू होते, सुटर आणि लव्ह. इंग्लंडमध्ये तेव्हा एकट्याने चेंडू पुढे रेटण्याची चाल होती. स्कॉटिश खेळाडू पास देऊन खेळत. सुटर पाथरवट होता. लँकेशायरचा दगड फार कठीण लागतो, असे सांगून त्याने छिन्नी खाली ठेवली. खेळाचे पैसे घेणे 1885 पर्यंत नियमबाह्य होते, तेव्हा तो जगत कशावर होता हे सगळे गाव ओळखून होते.

घसरणीचे मूळही इथेच. 1880 मध्ये सुटर शेजारच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे गेला आणि तिथे त्याने तीन कप जिंकले. मोठ्या शेजाऱ्याच्या तिकीटबारीशी लहान गावाची बारी कशी पुरणार? 1891 मध्ये फुटबॉल लीग ही साखळी स्पर्धा 12 वरून 14 संघांची झाली तेव्हा डार्वेनला जागा मिळाली, पण त्याच मोसमात वेस्ट ब्रॉमविचने 12-0 ने धुतले. 1899 मध्ये लीग सुटली.

सोलापूरच्या चार हुतात्म्यांना फाशी झाली त्याच 1931 मध्ये, सप्टेंबरात, गांधीजी डार्वेनला गेले. बहिष्काराने ज्यांच्या गिरण्या थंडावल्या होत्या त्याच कामगारांना ते भेटले. पुढच्या जानेवारीत डार्वेनचा संघ आर्सेनलशी खेळला आणि 1-11 ने हरला. क्लब 2009 मध्ये गुंडाळला गेला.

विक्रमांच्या चौकटीत 18 पराभव छापताना शेजारी 5-5 चीही एक ओळ द्यावी, ही विनंती.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक, सोलापूर