आफ्रिकेतले आरोग्य संशोधन नाशिकमधून सुरू करता येईल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशातल्या संशोधनाच्या संधींबद्दल आपल्याकडे लिहिले जाते तेव्हा यादी अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रेलिया इथेच संपते. सार्वजनिक आरोग्यात काम करू पाहणाऱ्याला ती पुरत नाही. नाशिक जिल्ह्यातले प्रश्न पाहा: सुरगाणा-पेठमधली वयाच्या मानाने खुजी राहिलेली मुले, गरोदरपणातला रक्तक्षय, आदिवासी पट्ट्यातला सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार, मालेगावात लसीकरणाला येणाऱ्या अडचणी, उपकेंद्रापासून लांब पडलेले पाडे. केनिया, घाना, टांझानिया, इथिओपिया हे देश अशाच प्रश्नांशी झुंजत आहेत आणि त्यांतल्या काही प्रश्नांवर तिथे झालेले काम आपल्यापेक्षा पुढे आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्ये आहे. तिथून केनियातल्या नैरोबी किंवा घानातल्या आक्राकडे पाहण्याची सवय लागावी, म्हणून हे पत्र.

लसींच्या बाबतीत महाराष्ट्र आणि आफ्रिका यांचे नाते आधीच जुळले आहे. मेनिन्जायटिस ‘ए’वरची मेनआफ्रिव्हॅक ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली. एका डोसची किंमत ५० सेंटच्या आत ठेवून डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोपासून तिची मोहीम सुरू झाली. हिवतापावरची आर२१ ही लस ऑक्सफर्डने विकसित केली, उत्पादन सीरमचे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली. पण ती ज्या चाचण्यांवर उभी राहिली त्या बुर्किना फासो, माली, केनिया आणि टांझानियातल्या केंद्रांवर झाल्या. हजारो मुलांची नोंद ठेवून महिनोन्महिने त्यांचा पाठपुरावा करण्याचे कसब त्या केंद्रांकडे आहे. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी ते तिथून शिकण्यासारखे आहे.

कम्युनिटी मेडिसिनच्या एमडी थिसिसचा साचा सर्वांना पाठ आहे. प्रमाण ५० टक्के धरा, अचूकता ५ टक्के, सूत्रात घाला, नमुना ३८४. मग महाविद्यालयाच्या अर्बन हेल्थ सेंटरच्या हद्दीत प्रश्नावल्या भरून घ्या. घरे समूहाने निवडली असतील तर हा आकडा डिझाइन इफेक्टने (एका समूहातली घरे एकमेकांसारखी असल्यामुळे धरायच्या गुणकाने) गुणावा लागतो, तो २ धरला तर ३८४ चे ७६८ होतात. ही पायरी अनेकदा गळते आणि निष्कर्ष दिसतात तेवढे पक्के राहत नाहीत. तेवढ्याच वर्षांत, एकही प्रश्नावली न भरता, अनेक देशांच्या सर्वेक्षणांवर जास्त भक्कम थिसिस होऊ शकतो.

त्यासाठी सर्वांत मोठा साठा म्हणजे डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे, अर्थात डीएचएस. हा कार्यक्रम १९८४ पासूनचा. आपले राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (एनएफएचएस) त्याच कुटुंबातले, त्यामुळे प्रश्न आणि चलांची (व्हेरिएबल्सची) नावे बरीचशी सारखी. नोंदणी करायची, कोणत्या देशांचा डेटा कशासाठी हवा हे थोडक्यात लिहायचे, मंजुरी मिळाली की फाइल विनामूल्य उतरवायची, अशी त्याची पद्धत. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने निधी थांबवल्यावर हे काम विस्कळीत झाले. म्हणून सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) लिहिण्याआधी नोंदणीची सद्यस्थिती पाहावी आणि युनिसेफच्या एमआयसीएस सर्वेक्षणांसाठीही अर्ज करून ठेवावा. डेटा हातात नसताना सिनॉप्सिस मंजूर करून घेऊ नये.

फाइल हाती आली की चुका सुरू होतात. त्या ठरावीक आहेत, म्हणून इथे सविस्तर सांगतो.

पहिली चूक फाइल निवडण्यात. मुलांची केआर फाइल घेऊन खुजेपणाचे प्रमाण काढले की ते छापील अहवालाशी जुळत नाही आणि विद्यार्थी घाबरतो. कारण साधे आहे. केआरमध्ये मुलाखत झालेल्या आयांचीच मुले असतात. अहवालातला आकडा मात्र घरात मोजलेल्या सर्व मुलांचा, म्हणजे पीआर फाइलमधला असतो. ज्यांची आई वारली किंवा कामासाठी बाहेरगावी आहे अशी मुले केआरमधून सुटतात. स्थलांतरावर जगणाऱ्या भागात नेमकी हीच मुले महत्त्वाची.

दुसरी चूक आकड्यांच्या सांकेतिक रूपाची. उंची-वयाचा झेड-स्कोअर, म्हणजे त्या वयाच्या प्रमाणित उंचीपासून मूल किती दूर आहे याचे माप, एचडब्ल्यू७० या चलात (पीआर फाइलमध्ये एचसी७० मध्ये) शंभराने गुणून ठेवलेला असतो, म्हणजे उणे २००च्या खाली गेलेले मूल खुजे. ९९९६, ९९९७, ९९९८ ही झेड-स्कोअरची मूल्ये नव्हेत, ते बाद नोंदींचे संकेत आहेत. ते न वगळता सरासरी काढली की देशभरची मुले अचानक उंच होतात. छेदात ते राहू दिले तर खुजेपणाचे प्रमाण गुपचूप कमी दिसते, आणि ही चूक जास्त घातक, कारण आकडा पटण्यासारखा वाटतो.

तिसरी चूक वजनाची, म्हणजे सॅम्पलिंग वेटची (प्रत्येक नोंदीला द्यायच्या भाराची). व्ही००५ या चलाला १० लाखांनी भागायचे, समूहासाठी व्ही०२१ आणि स्तरासाठी व्ही०२२ किंवा व्ही०२३ सांगायचे. स्तर कोणत्या चलात आहे ते त्या-त्या सर्वेक्षणाच्या कागदपत्रांत पाहावे. ‘आर’ या मोफत सॉफ्टवेअरमधले सर्व्हे पॅकेज यासाठी पुरते, महागड्या परवान्याची गरज नाही. दोन देश एकत्र करताना आणखी एक अडचण येते. एनएफएचएस-५ मध्ये सुमारे ७ लाख २४ हजार स्त्रिया आहेत, केनियाच्या २०२२ च्या सर्वेक्षणात सुमारे ३२ हजार. वजने प्रत्येक सर्वेक्षणात त्याच्या नमुन्याच्या आकारानुसार बसवलेली असतात. दोन्ही फाइली तशाच जोडल्या तर उत्तर भारताचेच येते, केनिया त्यात बुडून जातो. प्रत्येक देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांच्या लोकसंख्येनुसार वजने पुन्हा बसवावीत, नाहीतर देशवार विश्लेषण करून मगच तुलना करावी.

नकाशे काढणाऱ्यांनीही जपावे. गोपनीयतेसाठी समूहांची ठिकाणे मुद्दाम सरकवलेली असतात: शहरी २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण ५ पर्यंत, आणि ग्रामीणपैकी १ टक्का १० पर्यंत. त्यावरून ‘दवाखाना ३ किलोमीटरवर’ असा निष्कर्ष काढणे चूक आहे. इथिओपियासारख्या उंचावरच्या देशात हिमोग्लोबिनचे समुद्रसपाटीच्या उंचीनुसार दुरुस्त केलेले मूल्यच घ्यावे.

यापुढची पायरी दीर्घकालीन नोंदींची. घाना, केनिया, टांझानिया, मोझांबिक, दक्षिण आफ्रिका अशा देशांत ठरावीक गावांतला प्रत्येक जन्म, मृत्यू आणि स्थलांतर वर्षानुवर्षे नोंदवणारी केंद्रे आहेत: नवरोंगो, किलिफी, इफाकारा, मान्हिसा, अगिनकोर्ट. सेनेगलमधल्या न्याखारच्या नोंदी १९६० च्या दशकापासूनच्या. या केंद्रांच्या इंडेप्थ जाळ्यात पुणे जिल्ह्यातले वढूही आहे, केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरचे. नाशिकच्या विद्यार्थ्याने घरोघरच्या नोंदी कशा ठेवतात हे आधी वढूत पाहावे, मग किलिफीला ईमेल करावा. पहिल्याच पत्रात ‘तुमचा डेटा द्या’ असे लिहू नये. एका पानात प्रश्न, लागणारी चले, विश्लेषणाची रीत आणि तिथला सहसंशोधक कोणत्या भागाचे नेतृत्व करील एवढे लिहावे.

प्रश्न कोणते घ्यावेत? सिकलसेलचे उदाहरण आमच्या मते सर्वांत जवळचे. हायड्रॉक्सीयुरिया या सिकलसेलवरच्या औषधाने पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून हिवतापाच्या प्रदेशात ते धोक्याचे ठरेल अशी भीती होती. अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडातल्या मुलांवर झालेल्या ‘रीच’ अभ्यासात वेदनेचे झटके, रक्त चढवण्याची गरज आणि मृत्यू कमी झाले, हिवतापही वाढण्याऐवजी घटला. भारताने २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. तपासणी होईल, कार्ड मिळेल, पण ज्या पाड्याजवळ प्रयोगशाळा नाही तिथे औषध सुरू केल्यावर रक्ताची तपासणी किती दिवसांनी करायची? हा प्रश्न कळवण-सुरगाण्याचा आहे तसाच युगांडातल्या म्बालेचाही. तिथले निष्कर्ष जसेच्या तसे इथे लागू होणार नाहीत, कारण आपल्याकडचा अरब-भारतीय हॅप्लोटाइप (जनुकीय प्रकार) वेगळा आणि त्यात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त असते. म्हणून तर दोन्हीकडे एकच आराखडा वापरून अभ्यास करायला हवा.

नवजात बाळाच्या नाळेला क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लावण्याचा धडाही ध्यानात ठेवावा. नेपाळ आणि बांगलादेशात त्याने मृत्यू कमी झाले, झांबिया आणि टांझानियातल्या पेम्बा बेटावर तसा फरक दिसला नाही. दुसरा चांगला विषय गावपातळीवरच्या कार्यकर्तीचा. इथिओपियाने २००३ पासून वर्षभर प्रशिक्षण दिलेल्या, पगारी स्त्रिया प्रत्येक हेल्थ पोस्टवर नेमल्या. आपली आशा २००५ पासून पगारावर नव्हे, कामागणिक मोबदल्यावर काम करते. या फरकाचा गृहभेटींवर काय परिणाम होतो हे तपासण्यासारखे आहे.

प्रत्यक्ष तिथे जाऊन माहिती गोळा करायची असेल तर परवानग्यांना महिने लागतात, हे वेळापत्रकात आधीच धरावे. केनियात मान्यताप्राप्त एथिक्स कमिटीनंतर नाकोस्टी या सरकारी आयोगाचा परवाना, टांझानियात एनआयएमआर आणि कॉस्टेक, युगांडात यूएनसीएसटी या सरकारी संस्थांची मंजुरी. भारतीय बाजूने परदेशी सहकार्याचा प्रकल्प भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेतल्या (आयसीएमआर) हेल्थ मिनिस्ट्रीज स्क्रीनिंग कमिटीपुढे जातो. निनावी, सार्वजनिक डेटावर काम असेल तर एथिक्स कमिटी पुनरावलोकनातून सूट देऊ शकते. पण ती सूट कमिटीने लेखी द्यायची असते, गाईडने नव्हे. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेने एफसीआरए हा परदेशी निधीचा कायदा तपासावा: २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसे आधी दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेतल्या खात्यात येतात आणि ते दुसऱ्या संस्थेला वाटता येत नाहीत. हे न पाहता तीन संस्थांमध्ये अंदाजपत्रक विभागले की प्रकल्प सुरू होण्याआधीच अडकतो. आणि पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी अधिकृत केंद्रावर घ्यावी. प्रमाणपत्राशिवाय परतणाऱ्याला भारतात ६ दिवसांपर्यंत विलग ठेवू शकतात.

शिष्यवृत्त्यांबद्दल गैरसमज बरेच आहेत. कार्टा आणि डेल्टाज आफ्रिका हे कार्यक्रम आफ्रिकी विद्यापीठे आणि संशोधकांसाठी आहेत, तिथे अर्ज करून उपयोग नाही. आपल्या विद्यार्थ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेतल्या टीडीआर या उष्णकटिबंधीय आजारांवरच्या संशोधन कार्यक्रमाच्या आणि ब्रिटनमधल्या वेलकम या निधी देणाऱ्या संस्थेच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. तयारीसाठी चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोग संस्थेचा एनपीटेल या ऑनलाइन शिक्षण मंचावरचा हेल्थ रिसर्च फंडामेंटल्स हा अभ्यासक्रम उत्तम. वाचनासाठी आफ्रिकन जर्नल्स ऑनलाइन हे संकेतस्थळ आहे. सरकारी महाविद्यालयांना वन नेशन वन सब्स्क्रिप्शन या शोधपत्रिका खुल्या करणाऱ्या केंद्रीय योजनेचा लाभ मिळतो. आफ्रिकेतल्या अनेक संस्थांना मिळणारे हिनारी या वैद्यकीय शोधपत्रिकांच्या सेवेचे खाते मात्र तिथल्या मित्राकडून मागून वापरू नये. नियमभंग झाला की त्या संस्थेचा प्रवेश बंद होऊ शकतो.

एका गोष्टीबद्दल आमचा आग्रह आहे. नमुने आणि आकडे उचलून नेऊन आपल्या नावावर शोधनिबंध छापण्याचा अनुभव आफ्रिकेने युरोप-अमेरिकेकडून पुष्कळ घेतला आहे. भारतीयांनी त्यात भर घालू नये. लेखकांचा क्रम, डेटाची मालकी आणि तिथल्या कनिष्ठ संशोधकाला विश्लेषण शिकवण्याची जबाबदारी काम सुरू होण्याआधी लेखी ठरवावी.

विद्यापीठाकडे आमच्या मागण्या मोजक्या आहेत. परदेशी सर्वेक्षणांवरचा थिसिस दुय्यम दर्जाचा मानू नये, काही गाईड अजूनही प्राथमिक माहितीचाच हट्ट धरतात. संलग्न महाविद्यालयांसाठी सर्वेक्षण-विश्लेषण जाणणारा एक सामाईक संख्याशास्त्रज्ञ नेमावा. आणि एका आफ्रिकी संस्थेशी, सुरुवातीला एकाच, दर महिन्याला ऑनलाइन जर्नल क्लब (शोधनिबंधांवरची चर्चा) सुरू करावा. नैरोबी आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. नाशिकमध्ये दुपारी ओपीडी आटोपून २ वाजता बसले की तिथे साडेअकरा वाजलेले असतात, दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना सोयीचे.

आपले,
कम्युनिटी मेडिसिन विषयातील काही अध्यापक व संशोधक, नाशिक